सलूनची खुर्ची आणि आरशातल्या चिठ्ठ्या

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. लगेच नाक मुरडू नका. लोखंडी पाया, गोल फिरणारी बैठक, डोकं टेकायला उशी आणि दांडा दाबला की माणसाला अलगद वर उचलणारा पंप, असा माझा थाट आहे. कारखान्यात मला ठोकलं, घासलं, तीनदा रंगवलं आणि टेम्पोत उताणं टाकून एका सलूनमध्ये आणलं. सलूनच्या मालकांना सगळे मास्तर म्हणायचे. त्यांनी मला स्वतःच्या रुमालाने पुसलं, मग इकडेतिकडे बघून हळूच बसले आणि तीन गिरक्या घेतल्या. एवढा मोठा माणूस, पण पोरासारखा हसला. माझा जीव तेव्हाच त्यांच्यात अडकला.

मास्तरांना एक खोड होती. शाळा फार झाली नव्हती, पण शिकायची हौस दांडगी. सलून बाजारपेठेत होतं, त्यामुळे नाव कमावलेले व्यापारी माझ्यावर येऊन बसायचे. गळ्याभोवती कापड गुंडाळलं की मास्तर विचारायचे, "एवढा धंदा वाढवलात कसा? सांगा की." गिऱ्हाईक गेलं की त्याचं बोलणं एका चिठ्ठीवर उतरवायचे आणि चिठ्ठी आरशाच्या चौकटीत खोचायचे. 'नफ्यातला निम्मा धंद्यातच परत घाला.' 'गिऱ्हाईक रागावलं तर आधी ऐकून घ्या.' 'सगळा पैसा एका जागी ठेवू नका.' होता होता आरसा चिठ्ठ्यांनी इतका भरला की लोकांना आपले कानच दिसेनात.

मास्तरांची लेक काम शिकून त्यांच्याबरोबर सलूनमध्ये उभी राहू लागली. मुलगी मोठी तोंडाळ. एकदा म्हणाली, "बाबा, ही चिठ्ठी म्हणते घाई करू नका, ती म्हणते संधी सोडू नका. मी नेमकं काय करू? जागच्या जागी उड्या मारू?"

"थट्टा पुरे," मास्तर म्हणाले. "यशस्वी माणसांचं बोलणं आहे ते."

पण जीव लावावा तर त्याच पोरीने. माझं रेक्झिन फाटलं होतं, गिऱ्हाइकं बसल्या बसल्या आतला स्पंज कुरतडायची आणि कोणाला त्याचं काही नव्हतं. तिने एका सुट्टीच्या दिवशी माझ्या दोन्ही हातांवर नवंकोरं लाल रेक्झिन ताणून बसवलं. मी इतकी खूश झाले की दोन दिवस कुरकुरलेच नाही.

त्याच आठवड्यात जागेची मालकीण आली. म्हणाली, "मास्तर, मी ही जागा विकतेय. पहिला हक्क तुमचा. महिनाअखेरपर्यंत सांगा, नाहीतर औषधांच्या दुकानवाले तयार आहेत." वीस वर्षं पोटाला चिमटा काढून साठवलेलं मास्तरांजवळ होतं. जेमतेम पुरलं असतं. जागा हातची गेली असती तर बापलेक रस्त्यावर आणि मी भंगारात, हे मला लख्ख दिसत होतं.

आणि नेमके तेव्हाच फरशीवाले शेठ आले. फरशांची चार मोठी दुकानं असलेला माणूस. आरशाच्या अगदी वरच्या तीन चिठ्ठ्या त्यांच्याच. जागेची गोष्ट ऐकून ते म्हणाले, "अहो मास्तर, भिंतीत कसला पैसा गाडता? माझं पाचवं दुकान निघतंय. माझ्याकडे द्या, वर्षात दुप्पट करतो. मग जागा काय, अख्खी इमारत घ्या!"

मास्तरांचे डोळे चमकले. ते शेठच्या मानेवरून वस्तरा फिरवत होते, पण तो अडत होता. त्यांनी पातं बदललं. तरी अडे. पुन्हा बदललं. शेवटी ओशाळून म्हणाले, "माफ करा शेठ, आज पातीच बोथट निघाली."

मित्रांनो, पाती बिचारी निर्दोष होती. मला खरं ठाऊक होतं. एरवी शेठ पोटावर हात ठेवून चक्क घोरायचे. त्या दिवशी कापडाखाली त्यांनी माझे दोन्ही हात गच्च आवळले होते आणि नखं नव्या रेक्झिनमध्ये रुतली होती. मला ओरडून सांगायचं होतं. पण खुर्चीला ओरडता कुठे येतं? मी जोरात कुरकुरले, तर मास्तर म्हणाले, "हिला तेल घालायला हवं." घ्या!

"उद्या सकाळी येतो, पैसे तयार ठेवा," असं म्हणून शेठ गेले. मास्तरांनी तेवढ्यात चिठ्ठी लिहिलीसुद्धा, 'भिंतीत पैसा गाडू नका.' लेक कापड झटकायला आली आणि थबकली. माझ्या दोन्ही हातांवर चार-चार खुणा उमटल्या होत्या.

"बाबा, हे बघा. शेठ एवढं कशाला घाबरले होते?"

"वस्तरा ओढत होता, दुखलं असेल."

"त्याच पाकिटातल्या पात्यांनी सकाळपासून नऊ माना झाल्या. एक तरी अडली का?"

मास्तर माझ्यावर बसले. एकेका खुणेत बोट ठेवत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "मान दगडासारखी झाली होती गं. माझ्या बोटांना कळलं होतं. वीस वर्षं माना हाताळतोय, आणि मी पात्याला दोष दिला. कारण बोलणारा मोठा होता." मग खुणेवरचं बोट उचलून म्हणाले, "चार दुकानांचा मालक माझ्यासारख्याकडे पैसे का मागतोय, एवढंसुद्धा मी विचारलं नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी हात जोडून नाही म्हटलं. शेठ तुटकपणे म्हणाले, "तुम्ही जन्मभर एका खुर्चीचेच राहणार." मला ते फार लागलं. पण महिनाअखेरीला जागा आमची झाली आणि त्या दिवशी मास्तरांनी पुन्हा तीन गिरक्या घेतल्या.

वर्षभरात शेठची दुकानं एकामागून एक बंद पडली. ते आमच्याकडे यायचेही थांबले. मग एका दुपारी दारात उभे दिसले. केस कॉलरवर आलेले, दाढी वाढलेली.

"मास्तर, आज पैसे नाहीत."

"मी मागितले का? बसा."

ते बसले आणि त्यांनी पुन्हा माझे हात आवळले. जुन्या खुणांच्याच जागी. मास्तरांनी गरम टॉवेल मानेवर ठेवला आणि मग कात्री उचलली. बऱ्याच वेळाने शेठच म्हणाले, "तुमचेही पैसे गेले असते. मला तेव्हाच ठाऊक होतं. तरी मी मागितले."

कात्री क्षणभर थांबली. मला वाटलं, आता मास्तर दोन शब्द सुनावणार. ते म्हणाले, "मान सैल सोडा, शेठ."

हळूहळू बोटं सुटली. हात पोटावर गेले. शेठ चक्क घोरायला लागले. बाकावरची गिऱ्हाइकं चुळबुळ करू लागली तेव्हा लेकीने ओठांवर बोट ठेवून त्यांना गप्प केलं आणि फवाऱ्याचा आवाजही होऊ दिला नाही.

जागे झाल्यावर शेठनी कागद मागितला. आरशातल्या आपल्या सगळ्या चिठ्ठ्या काढून खिशात घातल्या आणि त्या जागी एकच खोचली. 'मला भीती वाटत होती आणि मी ती कोणाला सांगितली नाही.' आमच्या तोंडाळ लेकीने ती वाचली आणि चौकटीत नीट सरळ केली.

आता सलूनमध्ये दोन नव्या खुर्च्या आल्या आहेत. मी खिडकीपाशी असते. माझा पंप गळतो, माणूस वर जातो तो आपोआप खाली येतो. लेक रेक्झिन बदलायला निघाली होती, पण मास्तर म्हणाले, "हातांवरचं राहू दे." शेठनी आता फरशांचं एक लहानसं दुकान काढलंय. ते येतात तेव्हा नव्या खुर्च्या सोडून माझ्यावरच बसतात.

मित्रांनो, जुन्या वस्तू कुरकुरल्या तर त्यांना थोडं तेल घाला, लगेच भंगारात काढू नका. मोठ्या माणसांकडून जरूर शिका, पण ते बोलत असताना त्यांच्या हातांकडेही बघा. आणि एखादा माणूस हात गच्च आवळून तुमच्याकडे पैसे मागत असेल, तर पैसे देऊ नका. त्याला बसायला जागा मात्र द्या.