लाकडी पायांचं विष

दवाखाना उघडायचा आठला, पण बाकावर जागा हवी असेल तर साडेसहालाच यावं लागे. बाक भरला की माणसं जिन्यावर बसत आणि जिना भरला की फुटपाथवर. प्रत्येकाच्या मांडीवर घरून आणलेला टॉवेल. का, तर आत बसलेले डॉक्टर पायांतून विष काढत.

आत एक पांढरा प्लास्टिकचा टब होता. त्यात कोमट पाणी, मूठभर 'जीवनक्षार' आणि वायरीला जोडलेली, भोकाभोकांची एक डबी. पेशंटने पाय बुडवायचे, गुडघ्यांपासून टबाच्या काठापर्यंत हिरवं कापड पांघरायचं आणि डोळे मिटून घ्यायचे.

"बघायचं नाही!" डॉक्टर दटावत. "विष फार लाजाळू. नजर पडली की परत आत शिरतं."

वीस मिनिटांनी ते कापडाची कड उचलून पाण्यात काचेचा पेला बुडवत आणि खिडकीच्या उजेडात धरत. पाणी तांबडंभडक, वर फेस. "ही बघा तुमच्या तीस वर्षांच्या गोळ्यांची घाण! हा फेस पित्ताशयाचा. आणि तळाशी काळं दिसतंय ना? ती काळजी." दारातून माना काढून बघणारी रांग हळहळे आणि पुढच्या बैठकीसाठी पुन्हा नंबर लावे.

या रांगेत आज पोचपावती मावशीही होती. सरकारी कचेरीत बत्तीस वर्षं तिने आवक-जावकचं टेबल सांभाळलं होतं. निवृत्त झाली तरी सवय सुटली नव्हती. शेजारणीला वाटीभर साखर दिली तरी चिठ्ठीवर सही घेई. सगळी गल्ली तिची टर उडवायची, पण तिच्या घरातून गेलेली वाटी कधी हरवली नाही.

मावशी विष काढायला आली नव्हती. तिच्या थोरल्या बहिणीने, ताईने, सात बैठकांनंतर साखरेच्या आजाराच्या गोळ्या खिडकीतून फेकून दिल्या होत्या.

"ताई, अंगठा बघ तुझा. काळा पडत चाललाय."

"मग? विष तिथूनच तर बाहेर पडतंय!"

त्यांच्या आईचा पाय असाच गेला होता, आधी अंगठा, मग गुडघ्याखालून सगळा. मावशीला रात्र-रात्र झोप लागेना. सरळ बस पकडून ती डॉक्टरांना परवाना देणाऱ्या राज्याच्या मंडळात जाऊन धडकली.

"पेशंट तुम्ही?" खिडकीतल्या कारकुनाने विचारलं.

"नाही. माझी बहीण."

"त्यांची काय तक्रार आहे?"

"तिची कसली तक्रार! ती त्याचे गोडवे गाते."

"बरं, गोळ्या बंद करा असं डॉक्टरांनी कुठे लिहून दिलंय?"

"तोंडी सांगतो तो. सगळ्यांना तोंडीच."

"मग बाई, मंडळ काय करणार? कागद आणा. सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांकासकट."

दुसरं कोणी असतं तर टेबलावर हात आपटून आलं असतं. मावशीला मात्र तो माणूस मनापासून आवडला. कोरा तक्रार अर्ज मिळाल्याची पोच लिहून देऊन ती परतली आणि घरी न जाता कोपऱ्यावरच्या बूटवाल्याकडे गेली. बूट शिवताना तो ज्यावर कातडं ताणतो, ते लाकडी पाय तिला हवे होते.

"कोणाचे बूट करायचेत?"

"बूट नाही. पायांची तपासणी करायची आहे."

बूटवाल्याने सात नंबरचा जोड दिला आणि तिच्याकडून निमूट पोच घेतली.

म्हणून आज मावशी खुर्चीवर बसली, हिरवं कापड पांघरलं आणि डॉक्टरांनी पाठ फिरवताच पाय वर घेऊन मांडी घातली. पिशवीतून लाकडी पाय निघाले. तरंगू नयेत म्हणून दोन्हींना मोजे घालून आत दगड कोंबले होते. मग तिने भक्तिभावाने डोळे मिटले.

वीस मिनिटांनी पेला उजेडात आला. तांबडाभडक!

"अरेरे! यकृत पार सडलंय. गुडघ्यांत वात आहे. झोप लागत नाही ना?"

"नाही लागत," मावशी म्हणाली. तेवढं मात्र खरं होतं.

"सगळ्या गोळ्या बंद. दहा बैठका."

"तेवढं लेखी द्या. विसरभोळी आहे हो मी."

आजवर हे कोणी मागितलं नव्हतं. पण रांग बघत होती आणि डॉक्टर रंगात आले होते. 'दोन्ही पाय तपासले. विष भरपूर. सर्व गोळ्या बंद कराव्यात.' खाली सही आणि शिक्का. मावशीने कागद वाचला, नोंदणी क्रमांक पाहिला, चार घड्या घालून पर्समध्ये टाकला आणि हिरवं कापड ओढलं. मोजे उतरवून लाकडी पाय तिने टेबलावर ठेवले.

दारातली रांग आत घुसली.

"लाकडातही विष असतं!" डॉक्टर ओरडले. "झाडांवर फवारे मारतात की नाही?"

आणि गंमत बघा, रांगेतल्या निम्म्या माना हलल्या! मावशीने कपाळाला हात लावला.

"मग नुसत्या पाण्यात लावून बघू की," रांगेतला नळवाला म्हणाला. डॉक्टर आडवे येईपर्यंत त्याने टब धुतला, ताजं पाणी आणि जीवनक्षार टाकला, डबी सोडली, बटण दाबलं. या वेळी कापड नव्हतं. पाच मिनिटांत पाणी पिवळं झालं, दहा मिनिटांत तांबडं. बटण बंद करून नळवाल्याने क्षार जिभेला लावला. "मीठ आहे." डबी उघडली. आत लोखंडी पट्ट्या, अर्ध्याअधिक झिजलेल्या. "मिठाच्या पाण्यात लोखंड, त्यात वीज. गंज येणार नाही तर काय? असले पाइप मी रोज बदलतो."

आठव्या बैठकीसाठी टॉवेल घेऊन बसलेली ताई टबाकडे बघत राहिली. "म्हणजे माझ्या पायातून काहीच...?"

"काहीच नाही, ताई."

ताईने टॉवेलात तोंड लपवलं. मावशीने तिला तिथूनच खऱ्या इस्पितळात नेलं.

तक्रार अर्जात 'रुग्णाचे वर्णन' या रकान्यात मावशीने लिहिलं: लाकडी पाय, एक जोड, नंबर सात. खाली रांगेतल्या सव्वीस जणांच्या सह्या होत्या. सुनावणीत डॉक्टरांना विचारण्यात आलं, "रुग्णाला तुम्ही तपासलं होतं?" ते छातीठोकपणे म्हणाले, "नखशिखांत!" मावशीने जोड टेबलावर ठेवला. परवाना निलंबित झाला.

आता गल्लीत एवढंच व्हायला हवं. उद्या दुसरा कोणी निळं पाणी, पिवळा धूर घेऊन येईल. तेव्हा टॉवेल उचलण्याआधी विचारा: माणूस नसतानाही हे असंच होतं का? आणि गोळी बंद करायला सांगणाऱ्याकडून आधी ते लिहून घ्या. लिहायला जो घाबरतो, त्याच्या दारात बसू नका.

ताईचा अंगठा बचावला, नख तेवढं गेलं. मावशी रोज सकाळी गोळी आणि पाणी तिच्यासमोर ठेवते. पहिल्या दिवशी ताईने गोळी गिळली, पेला खाली ठेवला आणि बहिणीपुढे एक चिठ्ठी सरकवली.

'गोळी मिळाली. पोटात पोचली. तक्रार नाही.'

खाली सही होती. मावशीने ती चिठ्ठी दोनदा वाचली, डोळे पुसले आणि फाईलला लावून टाकली.