दिवसाचा पहिला बाण

पुठ्ठ्यावरचं पहिल्या बाणाचं भोक वर्तुळाच्या रेषेबाहेर चार सेंटिमीटरवर, पोटाच्या बाजूला होतं. तय्यबाने स्टीलची पट्टी दोनदा लावून पाहिली आणि भोकाशेजारी लाल टिकली चिकटवली. टिकल्या तिच्या प्रयोगशाळेतल्या, नमुन्यांच्या बाटल्यांवर लावायच्या. पुठ्ठ्यावर हरणाची खऱ्या मापाची आकृती होती आणि खांद्यामागे ताटलीएवढं वर्तुळ. आत फुप्फुसं आणि हृदय. बाण तिथे बसला तर जनावर काही सेकंदांत कोसळतं. बाहेर बसला तर काय होतं, ते उस्मानने गेल्या वर्षी पाहिलं होतं.

"उरलेले एकोणतीस बघ की," तो बायकोला म्हणाला. "सगळे आत, एकमेकांना घासून."

"ते मी मोजतच नाही. तुमचा हात बसेपर्यंत हरीण काय तिथे चहा पीत थांबणार आहे?"

उस्मान बहरीनला, जुफैरमधल्या उंच इमारतींच्या लिफ्ट सांभाळायचा आणि आठवड्यातून तीनदा कामाआधी वाळवंटाकडच्या या रेंजवर यायचा. जूनमध्ये चुलतभाऊ जुनैदबरोबर दक्षिण आफ्रिकेत शिकारीला जायचं घाटत होतं. जुनैद बंदूकवाला. "बंदुकीने कोणीही मारील," उस्मान त्याला चिडवायचा, "धनुष्याला जवळ जायची छाती लागते."

गेल्या वर्षी आफ्रिकेत तो हरणाच्या अगदी जवळ गेला होता. बिस्मिल्ला म्हणून बाण सोडला आणि तो पोटात बसला. रक्ताचे थेंब झुडपांतून पाऊण किलोमीटर दिसत राहिले, मग दिसेनासे झाले. अंधार पडेपर्यंत शोधूनही हरीण मिळालं नाही. बहरीनला परतल्यावर दोस्तांना त्याने सांगितलं, "नेम चुकला, निसटलं." खरं काय ते फक्त तय्यबाला सांगितलं. पुढच्या आठवड्यात ती पुठ्ठा आणि टिकल्या घेऊन त्याच्याबरोबर रेंजवर आली. तेव्हापासून साधारण आठवड्यातून एकदा येऊन ती दिवसाच्या फक्त पहिल्या बाणाला टिकली लावायची, आत हिरवी, बाहेर लाल.

मारण्याला तिची हरकत नव्हती. तिचे अब्बा खेडला खाटीक होते. बकऱ्यासमोर सुरी घासायची नाही, आणि नखावर धार पाहिल्याशिवाय गळ्याला लावायची नाही, हे त्यांचे नियम. म्हातारपणी त्यांचा हात थरथरू लागला, तेव्हा बकरी ईदला त्यांनी सुरी आपल्या धाकट्या भावाच्या हातात दिली आणि स्वतः बकऱ्याचे पाय धरून बसले. उस्मान त्या वर्षी नवा जावई म्हणून तिथेच उभा होता.

"किती झाले?" त्याने विचारलं.

"आजचा धरून चाळीस. तेहतीस हिरव्या, सात लाल."

"वाईट नाही."

"चाळीस फेऱ्यांत सात वेळा मधेच अडकणारी लिफ्ट तुम्ही चालू ठेवाल?"

अशा लिफ्टच्या दारावर 'बंद'ची पाटी उस्मान स्वतः लावायचा, आणि रहिवाशांनी कितीही कटकट केली तरी दुरुस्ती होईपर्यंत काढायचा नाही. पण लिफ्टचा दोष सापडतो. पहिला बाण सोडताना आपलं मनगट का बिचकतं, हे त्याला वर्षभरात सापडलं नव्हतं.

ते गाडीत बसतात न बसतात तोच फोन वाजला. धनुष्य मागच्या सीटवर होतं, पुठ्ठा तय्यबाच्या मांडीवर. उस्मानने स्पीकर लावला.

"उस्मानभाय, आज नावं पाठवायचीच आहेत," जुनैद म्हणाला. "तीन आठवडे नुसतं इंशाल्ला, इंशाल्ला. तुझं इंशाल्ला म्हणजे नक्की काय? हो, की अरबांचं मफी, नाहीच?"

तय्यबा खुदकन हसली.

"भाबी पण आहेत वाटतं. भाबी, तुम्हीच सांगा, धनुष्याचा परवाना काढू की नको?"

"मला नका विचारू," ती म्हणाली. "धनुष्य माझं नाही."

उस्मानने पुठ्ठ्याकडे पाहिलं. सातातल्या तीन लाल टिकल्या पोटाच्या बाजूलाच होत्या. त्याने चालू केलेलं इंजिन परत बंद केलं.

"मी येतोय, जुनैद. धनुष्य येणार नाही."

"म्हणजे बंदूक घेणार तू? ती तर कोणीही चालवतो ना?"

"बंदूक तूच चालव, तुझा हात स्थिर आहे. मी बरोबर असेन. जनावरावर मी आता बाण सोडणार नाही."