राजानंदांचा आवाज माझ्या पोटात होता

मित्रांनो, संगणक म्हटलं की तुम्हाला पडदा दिसतो, कळफलक दिसतो. मी दिसत नाही. मी एक जुनी हार्डडिस्क, संगणकाच्या पोटात राहणारी. माझ्या आत आरशासारखी तबकडी गरगर फिरते आणि तिच्यावरून एक काटा अधांतरी सरकत सगळं वाचतो. तो टेकला की संपलं.

माझा जन्म परदेशात एका कारखान्यात झाला. तिथे धुळीच्या एका कणालाही आत यायची परवानगी नव्हती. तिथून मी कुंभार पिंपळगावात आले. इथे धुळीला कुणी परवानगी विचारत नाही.

माझे मालक राजानंद. रिक्षावर भोंगा लावून गावोगाव ज्या जाहिराती फिरतात ना, त्या ते आपल्या दुकानात बोलून भरत. बियाणं, साड्यांचा सेल, शाळेचे प्रवेश, हरवलेली म्हैस. म्हशीची जाहिरात फिरली तेव्हा दोन म्हशी परत आल्या. त्यातली एक भलत्याचीच होती. राजानंदांच्या आवाजाने पत्रे थरथरत. तोच आवाज माझ्यात उतरला, की त्याला गुंजभरही वजन नसे. एवढा मोठा आवाज माझ्यात नेमका कुठे बसतो, हे मला आजवर कळलेलं नाही.

मग त्यांना घशाचं दुखणं झालं. ऑपरेशनमध्ये जीव वाचला, आवाज गेला. ते बोटांनी आणि भुवयांनी बोलू लागले. भुवयांनी भांडताही येतं, हे घरात नव्यानंच कळलं. रिक्षावाल्यांचे पेनड्राइव्ह केव्हाच पुसून नव्या जाहिरातींनी भरले होते. आता राजानंदांचा आवाज उरला होता तो फक्त माझ्यात. पण तो लावायचा म्हटलं की त्यांच्या पत्नी द्वारकाबाई म्हणायच्या, "राहू द्या. अजून ऐकवत न्हाई."

त्या वर्षी खंडेनवमीला माझी पूजा जरा जास्तच मनापासून झाली. हळदकुंकू, फुलं, नारळ. नारळ फोडून त्यातलं पाणी द्वारकाबाईंनी संगणकावर भक्तिभावाने शिंपडलं. संगणक चालू होता आणि त्याला वरून जाळी होती. प्रसादाचा पहिला घोट आम्हालाच मिळाला.

त्यानंतर बटण दाबलं की पडदा उजळायचा, निळा पडायचा, विझायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. गावातल्या दुरुस्तीवाल्याने पाहिलं न पाहिलं केलं. "काही न्हाई काका, फॉरमॅट मारतो. बिलकुल नवा होईल."

फॉरमॅट म्हणजे माझी पाटी कोरी. राजानंदांच्या भुवया कपाळभर चढल्या. त्यांनी दोन्ही हात संगणकावर ठेवले आणि ते उचललेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी आम्हाला गोधडीत गुंडाळून दोघं नवीन जालन्याला निघाले. स्टेशनजवळ तृप्तीचं दुरुस्तीचं दुकान होतं. तिने झाकण उघडलं आणि आत वाकून बघितलं.

"मावशी, ह्यात मुंग्यांनी गाव वसवलंय."

"मंग, गोड हाय ना ते," द्वारकाबाई म्हणाल्या. "पूजेचा नारळ होता."

तृप्तीने मला सोडवून बाहेर काढलं, पुसलं आणि तारेने आपल्या संगणकाला जोडलं. "कॉम्प्युटर मागून बघू. आधी फायली. डिस्क टकटक करून राह्यली, किती वेळ चालंल सांगता येत न्हाई."

मित्रांनो, तेव्हा जे झालं ते मी विसरू शकत नाही. माझ्या पोटातलं एकेक नाव त्या पडद्यावर उमटू लागलं. इतकी वर्षं मी जे जपलं, ते मी पहिल्यांदाच बाहेरून बघत होते.

"हे 'जाहिराती' घेते," तृप्ती म्हणाली. "हे 'रद्दी' काय हाय? सोडू का?"

जाहिरात भरून झाली की पुढचं-मागचं छाटून राजानंद ती 'जाहिराती'त ठेवत आणि न छाटलेलं मूळ 'रद्दी'त टाकत. त्यांनी हात हलवला, सोड.

"घे गं ते बी," द्वारकाबाई म्हणाल्या. "ह्यांनी रद्दी म्हटलेलं मी कधी फेकत नसते. निम्मं घर त्याच्यावर चाललंय."

पडद्यावरची हिरवी पट्टी पुढे सरकू लागली आणि मध्येच थांबली. माझा काटा एकाच जागी अडखळत होता. राजानंदांचा हात स्वतःच्या गळ्यावर गेला. मी तीच जागा पुन्हा वाचली, पुन्हा वाचली. होतं नव्हतं ते सगळं बळ लावलं. पट्टी हलली, आणि हळूहळू शेवटाला गेली.

"नीट आलंय का बघू," म्हणत तृप्तीने 'रद्दी'तली एक फाईल लावली. आधी नुसती घरघर. मग तो आवाज, भोंग्यातला नव्हे, घरातला.

"द्वारका, पंखा बंद कर. आवाज येऊन राह्यलाय."

द्वारकाबाई उठल्या, भिंतीपाशी गेल्या आणि त्यांनी दुकानाचा पंखा बंद केला.

मग बटणावर हात तसाच ठेवून त्या उभ्या राहिल्या. राजानंद त्यांच्याकडे बघत राहिले. जाहिरात सुरू झाली होती. ऑक्टोबरच्या उकाड्यात, घामाने निथळत, तिघांनी साड्यांचा आख्खा सेल ऐकला. पंखा लावा असं कुणी म्हणालं नाही.

आता त्या घरात नवी डिस्क आहे आणि मी कपाटात विसावले आहे. संध्याकाळी तिकडे 'रद्दी' लागते. 'जाहिराती' कुणी लावत नाही.

म्हणून एवढंच मागते, मित्रांनो. आपल्या माणसांचे आवाज एकाच जागी ठेवू नका, दोन-तीन ठिकाणी ठेवा. आम्ही डिस्क थकतो. आणि ठेवताना फार नीटनेटकं छाटू नका. बोलायला सुरुवात करण्याआधी माणूस खाकरतो, कुणाला तरी हाक मारतो. तेवढं राहू द्या.