वेसकराचा पुतळा

मंत्रीसाहेब येणार असं कळलं आणि गावच्या वस्तुसंग्रहालयाला एकदम इतिहास आठवला. तोवर त्या जुन्या कचेरीत दोन तोफगोळे होते, एक फुटका रांजण होता आणि बाकी सगळी वटवाघळं. आता भिंती गुलाबी झाल्या. रंग उरला म्हणून रांजणही गुलाबी झाला.

समितीचे अध्यक्ष सर्जेराव देशमुख. नव्या दालनात जुनं गाव उभं करायचं त्यांनी ठरवलं. पाटलाचा पुतळा कुणाच्या आजोबांसारखा असावा यावर समितीत हातघाई झाली, म्हणून पाटील राहूनच गेला. वेशीची राखण करणाऱ्या वेसकरावर मात्र एका मिनिटात एकमत. कमरेत वाकून जोहार करणारा वेसकर, आणि चेहरा आमच्या मामांचा.

मामा म्हणजे माझे सासरे, कडूबा. छप्पन साली दीक्षा घेतली त्याच आठवड्यात त्यांनी वेसकराची काठी चुलीत घातली होती. समितीनं सुताराकडून नवी करून घेतली आणि ती जुनी दिसावी म्हणून चहात बुडवली.

"मामा, नका हो बसू पुतळ्यासाठी," मी म्हटलं. माझी लेक बेबीनंदा तेव्हा मांडीवर दूध पीत होती. "उद्या ही शाळेच्या पोरींबरोबर तिथं जाईल. आजा वाकलेला दिसेल तिला."

"म्हणून तर बसतो. न्हाई बसलो तर दुसऱ्या कुणाचं तोंड लावतील."

पुतळ्याचं काम बदनापूरच्या बद्रीनाथांकडं; ते एरवी गणपतीच्या मूर्ती करायचे. धड त्यांनी आधीच वाकवून ठेवलं होतं. डोकं मात्र आमच्या अंगणात घडलं. मामा बाजेवर ताठ बसले, मिशांना तेल लावून.

"मान जरा खाली घ्या, बाबा."

"कशाला? काय पडलंय खाली?"

बद्रीनाथांनी तीनदा सांगितलं, मग नाद सोडला आणि दिसलं तसं घडवलं.

डोकं धडावर बसलं तेव्हा अंग जोहार करत होतं आणि डोळे समोरच्याला, कोण रे तू, असं विचारत होते. उद्घाटन दुसऱ्या दिवशी. सर्जेराव तापले.

"मान वाकव त्याची!"

"वाळलंय, मालक. करवत लावली तर तोंड फुटंल."

डोळे झाकायला सर्जेरावांनी घरून स्वतःचा नेहमीचा जरीचा फेटा आणवला आणि पुतळ्याच्या कपाळावर ओढून बसवला. डोळे झाकले नाहीतच. उलट मामा बारा गावचे वतनदार दिसायला लागले.

मंत्रीसाहेब जांबला समर्थांचं दर्शन उरकून आले. फेटा पाहिला, मिशा पाहिल्या, आणि त्यांनी चपला काढल्या.

"सर्जेराव, हे आपले आजोबा का? फेटा तोच, करारीपणाही तोच! आणि काय ही नम्रता!"

समिती सर्जेरावांकडं बघायला लागली. वेसकर म्हणावं, तर साहेबांच्या चपला काढून झालेल्या, आणि त्याच्या डोक्यावर आपलाच फेटा.

"हो... आजोबाच," सर्जेराव म्हणाले.

साहेबांनी हार घालून हात जोडले. टाळ्या पडल्या. बेबीनंदानंही माझ्या कडेवर टाळ्या वाजवल्या. मामा उपरण्यात तोंड खुपसून खोकत होते. तो खोकला नव्हता.

संध्याकाळी सर्जेराव आमच्या दारात. जन्मभर 'ए कडू' म्हणणारा माणूस.

"कडूबाराव, एक विनंती व्हती. मिशा तेवढ्या काढता का? न्हाव्याचा खर्चा माझा."

"का बरं?"

"तुम्ही रस्त्यानं चालले की पोरं वरडून राह्यली, सर्जेरावाचा आजा चालला म्हणून."

मामांनी बराच विचार केल्यासारखं केलं.

"मंग तुम्ही पाया पडत जा," ते म्हणाले. "मिशा बिलकुल न्हाई निघायच्या."

दुसऱ्या दिवशी बेबीनंदाला काजळ-टोपडं करून दिलं आणि मामा तिला खांद्यावर घेऊन भर बाजारातून संग्रहालयात गेले. मी मागोमाग. पोरीनं पुतळ्याच्या मिशा ओळखल्या आणि दोन्ही हातांनी धरल्या.

"ओ, हात नका लावू देऊ!" पहारेकरी कारभारी धावत आला. "मालकाचा आजा हाये त्यो!"

"मालकाचं मालक बघंल," मामा म्हणाले. "हिचा तर हायेच." आणि पोरीला नीट धरता यावं म्हणून त्यांनी तिला आणखी वर उचललं.