डावी बाजू

इस्त्रीच्या पँटची पर्वा न करता वकीलसाहेब गाडीच्या मागच्या डाव्या दारापाशी उकिडवे बसले आणि त्यांनी ओरखड्यावरून बोट फिरवलं. तो मुठीच्या खालून सुरू होऊन थेट चाकाच्या कमानीपर्यंत गेला होता. शेवटी पत्रा आत दबला होता. तिथे त्यांचं बोट थांबलं.

"हे गाडी दिली तेव्हा नव्हतं, मिस्त्री."

"होतं," मिस्त्री म्हणाले.

पलीकडे एका जुन्या गाडीच्या बॉनेटखाली वाकलेल्या मिस्त्रींच्या मुलीने मान वर केली नाही, पण हातातला पाना थांबवला. बाबांचा तो आवाज तिच्या ओळखीचा होता. वाद घालणाऱ्याला पहिल्याच शब्दात गप्प बसवणारा. तो क्वचितच निघायचा, कारण वाद घालायला कोणी येतच नसे. गावभर मिस्त्रींचा शब्द म्हणजे शब्द होता. गाडी विकत घेण्याआधी लोक ती त्यांना दाखवायला आणत आणि ते "नको" म्हणाले की निमूट परत नेत.

वकीलसाहेबांनी गाडी तपासणीलाच आणली होती. त्यांच्या मुलीला परगावी नोकरी लागली होती आणि ही निळी गाडी ते तिला देणार होते. एकटी पोरगी लांबच्या रस्त्याने जाणार, तर ब्रेकपासून टायरपर्यंत सगळं एकदा मिस्त्रींच्या नजरेखालून जाऊ दे, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. काल संध्याकाळी अंधारात गाडी घरी नेली. आज सकाळी मुलगी पुसायला गेली आणि हे दिसलं.

"नीट आठवा," वकीलसाहेब उठत म्हणाले. गुडघ्याला हात लावून उठावं लागलं त्यांना. "मी भांडायला आलेलो नाही. कामाच्या धबडग्यात लागते एखादी गाडी. मी कधी बोललोय का तुम्हाला?"

"लागली असती तर मीच सांगितलं असतं. तुम्हाला विचारायला यावं लागलं नसतं."

"तेच तर म्हणतोय. तुम्ही सांगितलं असतं. म्हणून तर कोडं पडलंय."

"तुमच्या फाटकाला घासली असेल."

"अहो, फाटक आहे का मला? साखळी लावतो मी!"

एरवी यावर दोघंही हसले असते. बाजूच्या शेडमधला डेंटर मात्र हसला, मग त्याने दोघांकडे पाहिलं आणि हातोडी उचलून पुन्हा पत्रा ठोकायला लागला.

वकीलसाहेबांनी खिशातून फोन काढला. गाडी गॅरेजला आणण्याआधी त्यांच्या मुलीने गाडीपाशी उभं राहून फोटो काढून घेतला होता. आपली पहिली गाडी म्हणून. फोटोत ती त्याच मागच्या दाराला टेकून उभी होती आणि तिच्यामागचं दार आरशासारखं स्वच्छ होतं. वकीलसाहेबांनी फोन पुढे धरला. मिस्त्रींनी पाहिलं न पाहिलंसं केलं.

"फोटोत काय, काहीही दिसतं."

"म्हणजे मी खोटं बोलतोय?"

"म्हणजे मी बोलतोय का?"

शब्दाने शब्द वाढत गेला. वकीलसाहेब कोर्टात आवाज चढवत नसत अशी त्यांची ख्याती होती, पण इथे चढला. माझ्या बायकोला दवाखान्यात नेताना तुम्ही पावसात गाडी दुरुस्त करून दिलीत, ते मी विसरलो नाही, पण म्हणून डोळ्यांना दिसतं ते नाही म्हणू का, असं काहीसं ते म्हणाले. मिस्त्रींच्या हातातल्या फडक्याचा पार पिळा झाला होता.

"घेऊन जा गाडी," ते म्हणाले. "आणि पुन्हा इकडे आणू नका. गावात गॅरेजं कमी नाहीत."

वकीलसाहेबांच्या चेहऱ्यावर राग असता तर बरं झालं असतं. ते नुसतेच उभे राहिले, घरातल्याच कोणी तोंडावर दार लावून घ्यावं तसे.

मिस्त्रींची मुलगी एव्हाना हात पुसत उठली होती. मध्ये पडावं म्हणून ती रॅम्पला वळसा घालून आली आणि येता येता तिची नजर खांबावर गेली. रॅम्पवरून गाडी मागे घेताना डाव्या हाताला येणारा तो पिवळा खांब. त्याच्या कडेला, गुडघ्याच्या उंचीवर, निळा रंग लागला होता. आडवा, लांबट, ताजा. खाली जमिनीवर रंगाचे दोन-चार पापुद्रेही पडले होते.

काल दुपारी ती सामान आणायला बाजारात गेली होती. गाडी खाली उतरवली होती ती बाबांनीच. डेंटर दिवसभर ठोकत होता, त्या आवाजात पत्रा घासल्याचं ऐकू येणं शक्यच नव्हतं. पण दिसायला तर हवं होतं. एवढा मोठा खांब.

ती खांबाकडे पाठ करून उभी राहिली आणि तेव्हा तिला एकेक आठवायला लागलं. गेले काही महिने ताटात डाव्या अंगाला वाढलेलं तसंच राहायचं. बाबांना हल्ली भाजी आवडेनाशी झाली म्हणून तिने कुरकुरही केली होती. शटरच्या कडेला त्यांचा डावा खांदा सारखा आपटायचा. डावीकडून हाक मारली की ते नुसती नजर न वळवता अख्खे वळायचे. नटांची वाटी शेजारी असताना शोधायचे आणि तिने ती उचलून हातात दिली की म्हणायचे, "वस्तू जागेवर ठेवायला कधी शिकणार तू?"

तिला वाटलं होतं, वय होतंय.

"बाबा," ती म्हणाली.

दोघांनीही तिच्याकडे पाहिलं. बाबा खरंच मनापासून चिडले होते. त्यांच्या चेहऱ्यावर लपवाछपवीचा मागमूस नव्हता. आपल्या हातून हे झालं नाही, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती.

"माझ्याकडून झालंय ते," ती म्हणाली. "काल तुम्ही जेवायला गेलात तेव्हा मी गाडी जरा मागेपुढे करत होते. खांबाला लागली."

डेंटरची हातोडी थांबली.

वकीलसाहेबांनी तिच्याकडे पाहिलं, मग खांबाकडे. त्यांचा चेहरा हळूहळू सैल झाला. जुना स्नेह तुटता तुटता वाचला होता आणि तो मिस्त्रींच्या हातून तुटला नव्हता, याचं त्यांना इतकं हायसं वाटलं की ते चटकन बोलून गेले:

"मला वाटलंच होतं."

तिने मान खाली घातली. या तीन शब्दांची तिला सवय होती. अलीकडे मोडली होती एवढंच. पहिल्यांदा ती गॅरेजात आली तेव्हा गिऱ्हाइकं गाडीची चावी तिच्या हातावरून पुढे नेऊन बाबांच्या हातात द्यायची. मग गमतीने तिला छोटे मिस्त्री म्हणायला लागली. मग ती गंमतही गेली आणि नाव तेवढं उरलं. एवढ्यासाठी तिने उन्हातान्हात, गाड्यांखाली आडवी पडून किती वर्षं घालवली होती, ते तिचं तिला माहीत.

"तोंड शिवलं होतं का तुझं?" मिस्त्री गरजले. "इतका वेळ मी इथे शपथा घेतोय, आणि तू तिकडे पाने फिरवतेयस? सांगता येत नव्हतं?"

"घाबरले."

"घाबरली म्हणे! अरे, रॅम्पवरची गाडी हलवायला तुला सांगितलं कोणी? मागे बघता येत नाही तर हात लावावा कशाला?"

"जाऊ द्या, मिस्त्री," वकीलसाहेब म्हणाले. "पोर आहे. होतं."

पोर तिशीची होती. मिस्त्रींनी दोन्ही हात जोडले. ते हात नेहमीसारखे काळे होते, आणि वकीलसाहेबांनी पटकन पुढे होऊन ते आपल्या हातात घेतले. मग ठरलं की दाराचा दबलेला पत्रा डेंटर आजच सरळ करेल, रंग मारून होईल, वकीलसाहेबांची मुलगी जायच्या आत गाडी तयार असेल.

निघताना वकीलसाहेब वळले. "एक मात्र करा, मिस्त्री. यापुढे माझी गाडी तुम्ही स्वतःच चालवा. रागावू नकोस हं, बेटा."

"मीच चालवणार," मिस्त्री म्हणाले. "सगळ्यांच्याच. ही आजपासून फक्त बॉनेटखाली."

तिने मान हलवली. वकीलसाहेब गेल्यावर तिने ओलं फडकं आणलं आणि खांबावरचा निळा रंग घासून काढला. तो सहज निघाला नाही.

त्या दिवशी बाबांनी चार गाड्या बाहेर काढल्या. प्रत्येक वेळी ती हातातलं काम टाकून कुठल्या ना कुठल्या निमित्ताने डाव्या बाजूला जाऊन उभी राहिली. कधी टायर सरकवायला, कधी नळी गुंडाळायला. "मध्ये मध्ये काय करतेस?" ते ओरडले. पण त्यांना काचेवर तिचा हात आपटल्याचा आवाज आला की ते थांबत होते, तेवढं पुरेसं होतं. संध्याकाळपर्यंत तिच्या मनात एकच विचार उरला होता. हे उद्याही करावं लागणार, परवाही करावं लागणार. आणि मी बाजारात गेले असताना खांबाच्या जागी एखादं माणूस असलं तर?

गॅरेज बंद करायची वेळ झाली तेव्हा बाबांचा राग पार ओसरला होता. त्यांचा राग नेहमीच असा. भांडं उतू गेलं की खालचा जाळ आपोआप शांत. ते तिच्याजवळ आले आणि उगाच तिच्या खांद्यावरची धूळ झटकली.

"फार बोललो का?"

"नाही."

"लोकांसमोर बोललो." ते थांबले. "चल. आपली व्हॅन काढ. मागे कशी घ्यायची ते पुन्हा एकदा दाखवतो. त्यात कमीपणा नाही. मी शिकलो तेव्हा आमच्या उस्तादाने मला महिनाभर नुसती मागेच घ्यायला लावली होती. पुढे काय, गाढवही चालतं."

ती हसली. नाही म्हणायला हवं होतं, पण इतक्या मायेने त्यांनी तिला काही शिकवून बरीच वर्षं झाली होती. अलीकडे तीच त्यांना शिकवायची, नव्या गाड्यांचं काय काय. ती व्हॅनमध्ये बसली. मागच्या अंगणात अजून भरपूर उजेड होता. बाबा व्हॅनच्या मागे जाऊन उभे राहिले आणि त्यांनी हात वर केला.

"सावकाश. चाक सरळ. ये... ये..."

त्यांचा आवाज मोकळा होता. ती नवशिक्यासारखी हळूहळू मागे येत राहिली. चाक थोडं वाकडं झालं तर "अंहं" म्हणायचे, सरळ झालं की "अस्सं". एकदा तर ते टाळीही वाजवून गेले. तिचे डोळे भरून आले आणि आरसा धूसर झाला. तिने बाहीने डोळे पुसले.

डाव्या आरशात पाण्याच्या टाकीचा सिमेंटचा कोपरा दिसत होता. जवळ येत होता.

"ये... ये... ये..."

तिने ब्रेक दाबला.

"का थांबलीस? ये की."

"बास ना, बाबा?"

"अगं, भरपूर जागा आहे. आख्खी गाडी वळेल. ये."

"भीती वाटते."

"कसली भीती? मी उभा आहे ना मागे?"

ती हलली नाही. बाबांनी कौतुकाने आणि थोड्या वैतागाने मान हलवली. जागा किती आहे ते हाताने दाखवावं म्हणून ते बंपरपाशी आले आणि त्यांनी डावा हात ऐसपैस बाजूला पसरला. हात पुरता उघडण्याआधीच बोटं सिमेंटवर आपटली.

आरशात तिला ते दिसत होते. त्यांनी हात मागे घेतला नाही. मग ते हळूच वळले, मान नाही, अख्खे, आणि टाकीकडे पाहत राहिले. बराच वेळ. बंपर आणि कोपऱ्याच्या मधल्या फटीत त्यांनी पंजा घालून पाहिला. आडवा जाईना. उभा करून घातला तेव्हा गेला.

तिने इंजिन बंद केलं आणि हँडब्रेक ओढला. अंगण एकदम शांत झालं.

"किती वेळ दिसत होती तुला?" त्यांनी विचारलं.

"पहिल्यापासून."

"हं."

पलीकडच्या शेडमधून ताज्या निळ्या रंगाचा वास येत होता. ते तसेच उभे होते, फटीत हात घालून.

"वकिलांना फोन करायला हवा," ते अखेर म्हणाले.

"राहू द्या, बाबा."

"राहू द्या कसं? ते तुला..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. हात काढून पँटला पुसला, उलटसुलट करून पाहिला. "मी करेन. उद्या सकाळी. आज नको."

मग ते गाडीच्या कडेकडेने, पत्र्यावर तळहात टेकवत पुढे आले. ती दार उघडून उतरायला लागली, तशी त्यांनी मानेनेच नको म्हटलं. समोरून वळसा घालून पलीकडच्या बाजूला गेले, मुठीसाठी दोनदा चाचपडले आणि तिच्या शेजारी येऊन बसले. या व्हॅनमध्ये त्या जागेवर ते कधी बसलेच नव्हते. पाय कुठे ठेवावेत हे त्यांना कळेना.

"आता?" तिने विचारलं.

"घे पुढे."

"डावीकडून घेऊ की—"

"मला नको विचारू," ते समोर बघत म्हणाले. "तुझं तू बघ."

त्यांच्या बाजूचं दार नीट लागलं नव्हतं. शर्टाचं टोक फटीत अडकून बाहेर लोंबत होतं आणि त्यांच्या ते ध्यानातही आलं नव्हतं. तिने त्यांच्यावरून हात पलीकडे नेला, टोक आत घेतलं आणि दार ओढून घट्ट लावलं.