नावंवर

आमचे मालक तापानं गेले तेव्हा नागप्पा सोळा वर्षांचा होता. सहा एकर शेत मेलेल्या माणसाच्या नावावर किती दिवस ठेवायचं? म्हणून ते पोराच्या नावावर लावून घ्यायला म्या कल्याणप्पा पाटलाकडं गेले. म्हटलं, "पाटील, तेवढी पोराची विरासत करून द्या."

पाटील तोंडात तंबाखू धरून बसलेला. म्हणाला, "काळजी करू नको रुद्रम्मा. पोराला नावंवर लावतो. कर अंगठा."

म्या केला. हसायचं असलं तर हसा. आमच्या घरात कानडी. कानडीत नावेला दोणी म्हणतात, आणि ती दोणी तरी मुरुमकडच्या कोरड्या मुलखातल्या माणसानं कुठं बघायची? नाव म्हणजे माणसाला हाक मारायचं नाव, मला तेवढंच ठाऊक. पाटलाला 'नावावर' म्हणायचं असंल, तंबाखूमुळं 'नावंवर' आलं, असं समजले मी.

चार दिवसांनी पाटील म्हणाला, पोराला सोलापूरला साहेबापुढं उभं राहावं लागतं. म्या भाकरी बांधून दिल्या. अगं भवाने, राज्य निजामाचं, सोलापूर इंग्रजाचं. आपल्या शेताच्या कागदाला सोलापूरचा साहेब कशाला लागतोय? एवढी अक्कल मला नंतर आली.

महिन्यानं कराचीहून नागप्पाचं कार्ड आलं. मास्तरानं वाचून दाखवलं. 'अव्वा, मला लढाईच्या आगबोटीवर घेतलंय. पाण्याचं लई भ्या वाटतंय. मला घेऊन जा.'

माझ्या अंगाची नुसती आग झाली. पाटलाच्या दारात जाऊन बोंब मारली, "मुडदा बसविला तुझा! माझं एकुलतं पोर इकलंस व्हय रं?" पाटील आत गेला आणि दार लावून घेतलं. मग मास्तराकडून अर्ज लिहून घेतला आणि उमरग्याला तहसीलात दिला.

तहसीलदार साहेब माणूस बरा होता. म्हणाला, "पाटलानं फसवून अंगठा घेतला असं ठरलं तर त्याची पाटीलकी जाईल. आणि म्या वर लिहीन, की अंगठा खोटा, पोर अठराच्या आतलं, परत पाठवा." ते ऐकून म्या किती दिवसांनी पोटभर जेवले.

सुनावणीला जाताना गाडीत शेजारची शांताक्का सोबत होती. ती म्हणाली, "हे बघ, पाटील म्हणाला 'शेताचा कागद हाय', असं सांग. दुसरं काही बोलू नको." म्या व्हय म्हटलं. सगळ्या वाटंनं तेच घोकत गेले.

तहसीलात पाटलानं एक चिठ्ठी पुढं केली. आरमाराच्या साहेबानं लिहिलेली. तहसीलदाराच्या कारकुनानं, पेशकारानं, मोठ्यानं वाचली: कल्याणप्पा पाटलांनी लढाईच्या अडचणीत अकरा पोरं दिली, सगळी आईबापाच्या राजीखुशीनं. असा माणूस सरकारनं जागेवरून हलवू नये अशी माझी शिफारस हाय.

तहसीलदारानं चिठ्ठी बाजूला ठेवली. "शिफारशीचं मागून बघू. बाई, तू सांग. गळ्यातलं लिंग हातात धर आणि पाटील काय बोलला ते हलफेवर, शपथ घेऊन सांग. त्याचेच शब्द."

लिंग हातात घेतलं. आम्ही लिंगायत. जन्मल्यापासून गळ्यात असलेलं, त्याला धरून खोटं कसं बोलायचं हो? घोकलेलं सगळं सोडून दिलं. आणि मला वाटलं, खरं सांगितलं तरी फसवलंच हाय की त्यानं.

म्हटलं, "पाटील म्हणाला, पोराला नावंवर लावतो, कर अंगठा."

पेशकारानं मान वर केली. "नावंवर? म्हंजे नावेवर?"

पाटील उठून उभाच राहिला. "ऐका साहेब! मग म्या दुसरं काय सांगितलं होतं? आगबोट म्हंजे नावच की."

"मला विरासत पायजे होती!" म्या ओरडले. "शेताचं नाव!"

"शेताचं ती बोललीच न्हाय," पाटील म्हणाला. "आणि वय अठरा तिनंच लिहायला लावलं."

अंगठा केला त्या दिवशी पाटलाच्या बैठकीत आमच्या दोघांशिवाय कोण होतं? भिंती. तहसीलदार म्हणाला, "बाई, माझे हात बांधले तू. त्यानं नाव सांगितली, हे तुझ्याच तोंडून आलं." आणि बाजूला ठेवलेली चिठ्ठी त्यानं परत ओढून घेतली, माझा अर्ज फेटाळला.

परत येताना शांताक्का गाडीत माझ्याकडं पाठ करून बसली.

दीड वर्षानं, भर दुपारी, पाटील माझ्या दारात आला. पटका काढून हातात घेतलेला. गावात कुणाचीबी तार आली की ती पाटलाकडं यायची आणि पाटलानंच ती घरी नेऊन सांगायची, तसा नेमच होता. म्हणाला, "रुद्रम्मा, बोट बुडाली. नागप्पा त्यात होता."

म्या त्याला शिवी दिली न्हाय. गाव अजून म्हणतंय, आरमाराच्या साहेबाच्या चिठ्ठीनं कल्याणप्पाची पाटीलकी राहिली. साहेबाला काय ठाऊक होतं? ती तार घेऊन माझ्या दारात उभं राहायला त्याला म्याच जागेवर ठेवला होता.