हाताचा सूर

दादा मला आयुष्यभर 'खोडरबर' म्हणत आला. लहानपणी तो वहीत सूर लिहायचा आणि मी मागून त्याच्या चुका पुसत जायचे, म्हणून. पुढे तो संगीतकार झाला आणि मी त्याच्या रचना नोटेशनमध्ये उतरवणारी. म्हणजे काम तेच राहिलं, फक्त त्यावर पोट चालायला लागलं. आमचं पटायचं असं नाही. तो लिहायचा गिचमिड, मला लागतं स्वच्छ, त्यामुळे वादावादी रोजचीच होती.

मग त्याचे हात थरथरायला लागले. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं की हे दुखणं मागे फिरणारं नाही. आधी पेन्सिल सुटली, मग शर्टाची बटणं वहिनी लावायला लागल्या. आणि अशा अवस्थेत या गृहस्थाने ठरवलं की अजून एक रचना करायची. चार वादकांसाठी, ज्यांच्याबरोबर त्याने उमेदीची सगळी वर्षं घालवली होती त्याच चौघांसाठी. अट एकच, कागदावर जाणारा प्रत्येक सूर तो स्वतः वाजवणार.

मी म्हटलं, तू नुसता गुणगुण, मी लिहिते. तर म्हणे, "तू लिहिलंस की ते नीटनेटकं होईल. मला माझं हवंय." सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात ते काही खोटं नाही.

शेवटी मीच हात टेकले. जेवणाच्या टेबलावर कॉम्प्युटर ठेवला आणि त्याला छोटा मिडी कीबोर्ड जोडला. पट्टी दाबली की पडद्यावरच्या पाच रेघांवर तो सूर आपोआप उमटतो. पण कॉम्प्युटर हा प्राणी प्रामाणिक आणि बिनडोक. बोट जिथे जिथे लागेल ते सगळं तो लिहून ठेवतो. दादा एक सूर दाबायचा, बोट पट्टीवर थरथरायचं, आणि पडद्यावर तोच सूर पाच-सहा वेळा, वर शेजारच्या पट्टीला धक्का लागला तर तोही. पहिल्या दिवशीचं पान मोहरी सांडल्यासारखं दिसत होतं. मी कपाळाला हात लावला.

मग आम्ही एक रीत काढली. मी पडद्यावरच्या एकेका सुरावर बोट ठेवून तो ऐकवायचे आणि दादा सांगायचा, "माझा" किंवा "हाताचा". हाताचा असला की मी तो पुसायचे. स्वतःच्या हाताबद्दल तो असा बोलायचा, जणू घरात एखादा भांडखोर भाडेकरू येऊन बसलाय आणि निघायचं नाव घेत नाही. "हा त्या बाबाचा, काढ," म्हणायचा. वहिनी हसायच्या. मलाही हसू यायचं, आणि नंतर स्वयंपाकघरात जाऊन मी उगीचच भांडी आपटायचे.

पण एकेका ओळीला दुपार जायची आणि तो दमून जायचा. तेव्हा मला एक युक्ती सापडली. पट्टी किती जोराने दाबली, याचाही आकडा कॉम्प्युटर प्रत्येक सुराबरोबर ठेवतो. दादाने मनापासून दाबलेले सूर जड असायचे, थरथरीचे हलके. मग काय, मी एक आकडा ठरवला आणि त्याच्या खालचं सगळं एका फटक्यात उडवायला लागले. त्याला मी चाळणी म्हणायचे. पहिलं चाळलेलं पान ऐकून दादा खूश झाला. खोडरबराला मोटर बसली म्हणाला. त्यानंतर काम भराभर पुढे गेलं.

शेवटचं पान तेवढं राहिलं होतं आणि त्याला न्यूमोनिया झाला. दवाखान्यातून परत आला तो निम्मा होऊन. वहिनींनी पाठीशी उशी लावून त्याला टेबलापाशी बसवलं. त्याने डोळे मिटले आणि बराच वेळ वाजवलं. पडद्यावर नेहमीसारखी मोहरी सांडत होती, म्हणून मी निर्धास्त होते.

"झालं," तो म्हणाला. "चाळ."

मी चाळलं. पडद्यावर नुसत्या पाच रेघा राहिल्या, वरपासून खालपर्यंत कोऱ्या. कॉम्प्युटर बिघडला असं वाटून मी त्या मेल्याला चार शिव्या घातल्या. मग एकेका सुराचा आकडा तपासला. कॉम्प्युटर बरोबर होता. त्या अख्ख्या पानात एकही सूर माझ्या आकड्याला पुरेल इतक्या जोराने दाबलेला नव्हता. एवढीच ताकद उरली होती त्याच्यात, आणि ते मला माझ्याच चाळणीने दाखवलं.

दादाने पडद्याकडे पाहिलं. "सगळे हाताचेच निघाले की गं," तो म्हणाला.

मला रडू आवरेना. त्याच्यासमोर रडायचं नाही असं ठरवलं होतं, ते तिथेच राहिलं. वहिनींनी माझ्यापुढे पाण्याचा पेला ठेवला. डोळे पुसून मी पुसलेलं सगळं परत आणलं, चाळणी कायमची बंद केली आणि खुर्ची त्याच्याजवळ ओढली. पुन्हा पहिल्यापासून, एकेक सूर. माझा. हाताचा. माझा. कधी कधी तो इतका वेळ गप्प राहायचा की झोपला असं वाटायचं, आणि मग डोळे न उघडताच उत्तर द्यायचा. असे कितीतरी दिवस गेले. मी घाई केली नाही. आयुष्यात पहिल्यांदाच असेल.

शेवटचा सूर खर्जातला होता. त्याचं बोट त्या पट्टीवर नुसतं टेकलेलं राहिलं होतं आणि थरथरत थरथरत थांबलं होतं. पडद्यावर एकाच सुराची रांग उमटली होती, प्रत्येक आधीच्यापेक्षा हलका.

"यातला पहिला तुझा ना? बाकीचे काढते," मी म्हटलं.

तो म्हणाला, "राहू दे. आता तो आणि मी काही वेगळे राहिलो नाही."

"वाजवणारे विचारतील, दादा."

"तू आहेस ना सांगायला."

वादकांची तालीम सुरू व्हायच्या आधीच तो गेला.

पहिल्या तालमीच्या दिवशी मी वहिनींकडेच होते. चेलो वाजवणाऱ्यांचा फोन आला. दादाच्या बरोबरीचा माणूस, फार अदबीने बोलत होते. म्हणाले, "ताई, शेवटच्या ओळीत छपाईची चूक दिसतेय. एकच सूर कितीदा तरी आलाय. त्याऐवजी एक लांब सूर धरू का?"

असली दुरुस्ती मी झोपेतही करते. आणि खरं सांगते, क्षणभर हात शिवशिवला, तो लांब सूर कागदावर किती स्वच्छ दिसला असता.

"चूक नाही ती," मी म्हटलं. "तो दादाचा हात आहे. लिहिलाय तसाच वाजवा."

पलीकडे त्यांनी फोन बाजूला ठेवल्याचा आवाज आला. मी स्पीकर लावून फोन टेबलावर ठेवला आणि वहिनींना हाक मारली. त्या ओल्या हातांनीच येऊन बसल्या. चेलोवर तो खर्जातला सूर आला, थरथरला, बारीक होत होत थांबला.

वहिनींनी स्वतःच्या उघड्या तळव्याकडे पाहिलं. "हाच," त्या म्हणाल्या. "त्यांना झोप लागेपर्यंत माझ्या हातात असायचा."